काडतूस नवे, की वेष्टण नवे?



‘नवे!’, ‘अधिक दूरवर!’, ‘अधिक अचूक!’ हे शब्द तुम्ही दंतमंजनापासून मोबाइल फोनपर्यंत शेकडो जाहिरातींत वाचले असतील. अशा शब्दांच्या मागे विज्ञान किती आणि गाजावाजा किती, हे कसे ओळखावे? या प्रश्नासाठी मी मुद्दाम आपल्या रोजच्या व्यवहारापासून दूरचे एक उदाहरण निवडले आहे. ते आहे अमेरिकेतील एका रायफलीच्या काडतुसाचे. या काडतुसाचे नाव ‘६.५ क्रीडमूर’. गेली काही वर्षे तिथले नेमबाज आणि शिकारी त्यावरून कडाक्याने भांडत आहेत. एक पक्ष म्हणतो, असे काडतूस आजवर झाले नाही. दुसरा म्हणतो, ही निव्वळ जाहिरातबाजी आहे. माझ्या मते दोन्ही पक्ष अर्धे खरे बोलतात, आणि उरलेले अर्धे सत्य शोधायला शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

प्रथम काडतूस म्हणजे काय ते पाहू. पितळेची एक पुंगळी असते. तिच्या तळाशी आघाताने पेट घेणारी छोटी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळते, तिचा वायू होतो आणि त्याच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. नळीच्या आतल्या बाजूस पीळदार आटे असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखीच तोल सांभाळते.

६.५ क्रीडमूर हे काडतूस हॉर्नेडी या अमेरिकन कंपनीने २००७ साली पुढे आणले. कंपनीचे शास्त्रज्ञ डेव्ह एमरी आणि नामांकित नेमबाज डेनिस डिमिल यांच्या चर्चेतून ते जन्मले. लांब पल्ल्याच्या स्पर्धांतील नेमबाज तेव्हा आपापली काडतुसे घरी भरत. कुणाचे माप कुणाशी जुळत नसे. दुकानातून विकत घ्यावे आणि सरळ स्पर्धेत वापरावे, असे काडतूस हवे, ही मूळ मागणी होती. पुढे ते शिकाऱ्यांतही लोकप्रिय झाले, आणि २०१८ साली अमेरिकन सैन्याच्या विशेष दलांनी आपल्या निवडक नेमबाजांसाठी त्याची निवड केली. इतके झाल्यावर जाहिरातींना ऊत आला नसता तरच नवल!

आता दाव्याकडे वळू. दावा असा, की जुन्या आणि अतिशय प्रचलित अशा ‘.३०८ विंचेस्टर’ या १९५२ सालच्या काडतुसापेक्षा ६.५ क्रीडमूरची गोळी दूरवर कमी खाली येते, वाऱ्याने कमी ढळते आणि खांद्याला धक्काही कमी देते. हे खरे आहे का?

गॅलिलिओने १६३८ साली दाखवून दिले, की हवा नसेल तर फेकलेली वस्तू अन्वस्त मार्गाने जाते. निर्वातात गोळी जड की हलकी, जाड की बारीक, याला काही महत्त्व नाही. वेग आणि दिशा सारखी असेल तर मार्गही सारखाच. क्रीडमूर आणि ३०८ या दोघांच्याही स्पर्धेच्या गोळ्या नळीतून सेकंदाला सुमारे ८२५ मीटर वेगाने बाहेर पडतात. म्हणजे चंद्रावर हे भांडण उभेच राहिले नसते!

पृथ्वीवर मात्र हवा आहे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली दोलकावर गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजला आणि हवेचा रोध समजुतीपेक्षा पुष्कळच मोठा असतो हे सिद्ध केले. या रोधाशी झुंजायला गोळीजवळ दोन साधने असतात: निमुळता आकार, आणि आपल्या रुंदीच्या मानाने भरपूर वजन. कागदाचा सपाट कपटा हवेत तरंगत खाली येतो. त्याचाच घट्ट बोळा केला तर तो सरळ पडतो. वजन तेच, पण हवेला अडवायला मिळणारे क्षेत्रफळ कमी. गोष्ट एवढीच आहे.

वही घ्या आणि आकडे मांडा. क्रीडमूरच्या प्रचलित गोळीचे वजन सुमारे ९.०७ ग्रॅम आणि व्यास ६.७१ मिलिमीटर असतो. (नावात ६.५ आहे खरे, पण ते माप नळीच्या आट्यांमधले समजावे!) ३०८ ची तुल्य गोळी सुमारे १०.९ ग्रॅमची, व्यास ७.८२ मिलिमीटर. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरा. क्रीडमूरच्या गोळीमागे दर चौरस सेंटीमीटरला साडेपंचवीस ग्रॅमहून थोडे जास्त वजन येते. ३०८ च्या गोळीमागे साडेबावीस ग्रॅमहून थोडे जास्त. हलकी असूनही बारीक गोळी आपल्या रुंदीच्या मानाने जड ठरली! शिवाय ती लांबट आणि निमुळती असल्याने हवा सहज कापते. म्हणून ती आपला वेग अधिक काळ टिकवते.

याचा वाऱ्याशी काय संबंध? इथे एक गंमत आहे. आडवा वारा गोळीला किती ढकलील, हे गोळी हवेत एकूण किती वेळ होती यावर ठरत नाही. निर्वातात लागला असता त्यापेक्षा तिला किती वेळ जास्त लागला, त्या विलंबावर ते ठरते. समजा, एका गोळीला निर्वातात १.२ सेकंद लागले असते आणि हवेतून १.६ सेकंद लागले. विलंब ०.४ सेकंद. आडवा वारा सेकंदाला ४ मीटरचा असेल, तर गोळी ४ गुणिले ०.४, म्हणजे १.६ मीटर ढळेल. दुसऱ्या गोळीला हवेतून १.८ सेकंद लागले, तर ती २.४ मीटर ढळेल. वेळेतील फरक दोन दशांश सेकंदाचा, पण ढळण्यातील फरक दीडपटीचा. हे आकडे समजुतीसाठी घेतले असले, तरी हजार मीटरच्या आसपास या दोन काडतुसांत साधारण अशाच स्वरूपाचा फरक पडतो.

धक्क्याचे म्हणणेही तपासू. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो, की गोळीला पुढे जेवढा संवेग मिळेल तेवढाच रायफलीला मागे मिळेल. दारूच्या वायूचा वाटा बाजूला ठेवला, तर क्रीडमूरच्या गोळीचा संवेग सुमारे ७.५ आणि ३०८ च्या गोळीचा सुमारे ९ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद येतो. म्हणजे धक्का जवळजवळ सहाव्या भागाने कमी. नेमबाज दचकत नाही, हा फायदा लहान नव्हे.

थोडक्यात, जाहिरातीतील दावे खोटे नाहीत. मग तक्रार कशाची?

विरोधकांचा पहिला मुद्दा असा, की यात नवे ते काय? आणि या मुद्द्यात वजन आहे. स्वीडन आणि नॉर्वे या देशांनी १८९४ साली ६.५ मिलिमीटरचेच एक काडतूस आपल्या सैन्यासाठी स्वीकारले होते. त्याच्या नळीतील आट्यांचा पीळ दर २०० मिलिमीटरला एक फेरा असा होता. क्रीडमूरचा पीळ साधारण २०३ मिलिमीटरला एक फेरा असतो! पुढे १९४१ साली स्वीडनने त्या काडतुसासाठी जी टोकदार गोळी घेतली, तिचे वजन सुमारे ९ ग्रॅम होते. म्हणजे आजच्या गोळीइतकेच. इतकेच कशाला, अमेरिकेतच १९९७ साली ‘.२६० रेमिंग्टन’ हे याच व्यासाचे काडतूस बाजारात आले होते. तेव्हा बारीक, लांब, जलद फिरणाऱ्या गोळीचे गुण शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते. निसर्गाचा कोणताही नवा नियम २००७ साली सापडला नाही.

पण म्हणून ‘नवे काहीच नाही’ असे म्हणणेही मला पटत नाही. स्वीडिश काडतूस लांब होते, त्याला लांब यंत्रणेची रायफल लागे. ३०८ च्या आखूड यंत्रणेत ते मावत नसे. २६० मावत असे, पण त्याची पुंगळी क्रीडमूरच्या पुंगळीपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर लांब. त्यामुळे लांबट गोळी बसवली की मॅगझिनमध्ये जागेची अडचण होई. क्रीडमूरच्या रचनाकारांनी पुंगळी आखूड केली, म्हणजे लांब गोळीला जागा मिळाली. पीळ योग्य तेवढा ठरवला. सुरुवातीच्या काळात तर दारू कोणती आणि किती भरली, हे खोक्यावरच छापले. जुन्या ज्ञानाची अशी नीट जुळणी करणे हेसुद्धा अभियंत्याचे काम आहे. सायकलीत चाक, साखळी आणि पायटे वेगवेगळे ठाऊक होतेच. ती नीट जुळवली तेव्हा सायकल झाली.

विरोधकांचे दुसरे म्हणणे असे, की सारी लोकप्रियता जाहिरातीने आली. यावर एक छान पुरावा आहे. क्रीडमूरची पुंगळी ज्या काडतुसावरून घेतली, ते ‘.३० टी. सी.’ नावाचे काडतूसही हॉर्नेडीनेच बनवले होते आणि तेही २००७ च्याच सुमारास बाजारात आले. कंपनी तीच, काळ तोच, पुंगळीचे घराणेही तेच. तरी ते काडतूस मागे पडले आणि आज फारसे कुणाला आठवत नाही. केवळ जाहिरातीने काडतूस चालत असते, तर दोन्ही चालायला हवी होती. शास्त्रात तुलना करताना बाकी गोष्टी सारख्या ठेवून एकच बदलावी, असे आपण शिकतो. इथे बाजारानेच जवळजवळ तसा प्रयोग करून दिला आहे.

मग माझा आक्षेप कुठे आहे? तो आहे जाहिरात जे सांगत नाही त्यावर.

पहिली गोष्ट म्हणजे अंतर. क्रीडमूरचे समर्थक हजार मीटरवरचे आकडे दाखवतात, तर ३०८ चे समर्थक नळीच्या तोंडाशी असलेली गतिज ऊर्जा दाखवतात. तिथे ३०८ ची ऊर्जा सुमारे ३७०० ज्यूल आणि क्रीडमूरची सुमारे ३१०० ज्यूल भरते. दोन्ही आकडे खरे! प्रत्येकाने आपल्या सोयीचे अंतर निवडले, एवढेच. आणि दोन-तीनशे मीटरच्या आत, जिथे बहुतेक लोक नेम धरतात, तिथे दोघांतील फरक सामान्य नेमबाजाच्या हाताच्या कंपात बुडून जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘सपाट मार्ग’ हा शब्द. गुरुत्वाकर्षण कोणत्याच कंपनीला सवलत देत नाही. पहिल्या सेकंदात कोणतीही वस्तू सुमारे ४.९ मीटर खाली येते. हजार मीटर जाईपर्यंत क्रीडमूरची गोळीसुद्धा दहा-बारा मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी, खाली आलेली असते. याला सपाट म्हणायचे तर घाटालाही सपाट म्हणावे लागेल! बरोबर शब्द आहे ‘किंचित कमी वाकडा’. पण तो शब्द विकला जात नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे किंमत. बारीक नळीतून जवळजवळ तितकीच दारू जाळली, की नळीच्या आतील भागावर ताण जास्त येतो. म्हणून क्रीडमूरची नळी ३०८ च्या नळीपेक्षा लवकर झिजते. निसर्ग एका हाताने देतो तेव्हा दुसऱ्या हाताने काही घेतोच. जाहिरात फक्त देणारा हात दाखवते.

चौथी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. ‘या काडतुसाने तुम्हीही दूरचा नेम साधाल’ असे सुचवले, की मनुष्य आपले कौशल्य न वाढवता अंतर वाढवतो. वरचे गणित पुन्हा पाहा. वारा सेकंदाला ४ मीटर आहे असे समजून नेम धरला आणि प्रत्यक्षात तो ६ मीटर निघाला, तर चांगली गोळीसुद्धा ०.८ मीटर चुकते. दोन गोळ्यांमधला फरकही तेवढाच होता! म्हणजे काडतुसाने मिळवून दिलेले सारे, वारा ओळखण्यातल्या एका चुकीने गेले. स्पर्धेत याने गुण जातात. शिकारीत काय होते? आठशे मीटर अंतर कापायला गोळीला एक सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चरत असलेले हरिण सहज पाऊल टाकून मीटरभर पुढे जाते. मग गोळी वर्मी न लागता पोटात किंवा पायात लागते, आणि ते मुके जनावर झाडीत जाऊन तडफडत मरते. अमेरिकेतील अनेक जाणते शिकारीच हे बोलून दाखवतात, की लांबून मारण्यापेक्षा जवळ जाण्याचे कसब खरे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांनी शिकार जवळजवळ बंदच केली आहे. पण जिथे ती कायदेशीर आहे, तिथे तरी एका जाहिरातीच्या शब्दाची किंमत जनावराने का द्यावी?

आता या काडतुसाच्या नावाचीच एक गोष्ट ऐका. क्रीडमूर हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील चांदमारीच्या मैदानाचे नाव. ते १८७३ साली सुरू झाले. १८७४ साली तिथे अमेरिका आणि आयर्लंड यांच्या संघांत सामना झाला. अमेरिकनांच्या रायफली मागून भरायच्या, नव्या पद्धतीच्या होत्या. आयरिश संघाच्या तोंडाकडून भरायच्या, जुन्या पद्धतीच्या. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकली. नव्या रायफलीचा विजय! पण त्या सामन्यात एका आयरिश नेमबाजाने अचूक मध्यभेद केला, तो मात्र शेजारच्या, चुकीच्या लक्ष्यावर. त्याला शून्य गुण मिळाले. मध्यभेदाला तेव्हा चार गुण असत. ते धरले असते तर आयर्लंड एका गुणाने जिंकले असते, आणि कदाचित लोक जुन्या रायफलीचे गोडवे गात घरी गेले असते! एका सामन्याच्या तीन गुणांवरून यंत्राची थोरवी ठरवणे किती धोक्याचे, हे क्रीडमूरच्या मैदानाने तेव्हाच शिकवले होते.

आणि हे पाहा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेतील काडतूस कोणते? .२२ लाँग रायफल, म्हणजे १८८७ सालचे! एन. सी. सी.मधील तुमच्यापैकी काहींनी त्याच मापाची रायफल हाताळली असेल. तिथे सर्वांचे काडतूस एकाच जातीचे असते. पदक ठरते ते श्वासावर, नजरेवर आणि वर्षानुवर्षांच्या सरावावर. हे कोणत्याही खोक्यात भरून विकता येत नाही.

म्हणून कोणतीही जाहिरात वाचताना चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. कशापेक्षा चांगले? किती चांगले, आकड्यात सांगा. कोणत्या परिस्थितीत? आणि त्याच्या बदल्यात काय गमवावे लागते? शिक्षकांना माझी विनंती आहे, की संवेगाचा किंवा पडणाऱ्या वस्तूंचा धडा शिकवताना एखादी ताजी जाहिरात वर्गात आणावी आणि तिच्यातला प्रत्येक दावा मुलांकडून फळ्यावर तपासून घ्यावा. मुले सूत्र विसरणार नाहीत.

मात्र एक पथ्य पाळा. ज्याची जाहिरात मोठी ते खोटेच, असे समजणे हाही आंधळा विश्वासच आहे, फक्त उलट्या दिशेचा. ६.५ क्रीडमूर हे चांगले, नीट विचार करून बनवलेले काडतूस आहे. ते चमत्कार नाही आणि फसवणूकही नाही. स्तुती करणारा आणि टिंगल करणारा दोघेही मोठ्याने बोलत असतात. तुम्ही तोवर वही उघडा आणि गुणाकार करून पाहा.